टॅमो रेसमो का थांबली, आणि तिच्याबरोबर नेमकं काय थांबलं?

गिअरशिफ्ट (धागाकर्ता)

२०१७ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये टाटा मोटर्सने रेसमो ही दोन आसनी स्पोर्ट्स कार दाखवली. पुढे ती रस्त्यावर आलीच नाही. तिच्याबद्दल मराठीत जे काही लिहिलं गेलं ते बहुतेक "वाह, काय दिसते!" आणि "अरेरे, रद्द झाली" या दोन वाक्यांत संपतं. माझ्या मते या गाडीतली खरी महत्त्वाची गोष्ट दिसण्यात नव्हतीच, म्हणून हा धागा काढतोय.

आधी गाडी काय होती ते सांगतो. लांबी ३८३५ मिमी, रुंदी १८१०, उंची १२०८, व्हीलबेस २४३०. म्हणजे लांबीला साधारण हॅचबॅकएवढी, पण उंची कमरेच्या जरा वर. इंजिन १.२ लिटरचं तीन सिलेंडर टर्बो पेट्रोल, टाटांच्याच रेव्हट्रॉन घराण्यातलं, पण १९० पीएस ताकद आणि २१० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) काढणारं. ते बसवलं होतं सीटच्या मागे, मागच्या अॅक्सलच्या पुढे, आणि चालत होती मागची चाकं. सहा गिअरचा एएमटी (क्लच आणि गिअर आपोआप बदलणारा गिअरबॉक्स), स्टिअरिंगच्या मागे पॅडल. ० ते १०० सहा सेकंदांच्या आत, असा कंपनीचा दावा. दारं वरच्या बाजूला उघडणारी. डिझाइनचे प्रमुख तेव्हा प्रताप बोस होते आणि काम पुणे, तुरीन आणि इंग्लंड अशा तीन ठिकाणी वाटलेलं होतं.

आता मुद्दा. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीने 'टॅमो' हा वेगळा उपब्रँड जाहीर केला, त्याचा हेतू कमी संख्या, कमी गुंतवणूक आणि नव्या तंत्राची झटपट चाचणी असा सांगितला होता. रेसमो त्याचं पहिलं अपत्य. तिच्या सांगाड्याला 'मोफ्लेक्स' म्हणायचे, म्हणजे वेगवेगळ्या साहित्याच्या थरांची सँडविच रचना, मार्चेल्लो गांदिनी यांच्या पेटंटवर बेतलेली. लॅम्बॉर्गिनीच्या मिऊरा आणि काउंटाश ज्यांनी रेखाटल्या तेच गांदिनी. थोड्या गाड्या, फार मोठं भांडवल न ओतता, इथल्या इथे कशा बांधायच्या याचा हा प्रयोग होता. गाडी गेली याचं मला वाईट वाटतंच, पण बांधण्याची ती पद्धत शिकायची राहिली याचं जास्त वाटतं.

तुमचं मत सांगा.

साचेकार

भोसरीत टूल रूममध्ये, म्हणजे साचे बनवण्यात, आयुष्य गेलं, त्यामुळे शेवटच्या परिच्छेदावरच बोलतो.

नेहमीच्या गाडीचं शरीर पत्र्याचं असतं. बाहेरून दिसणारा एक फेंडर घ्या. तो एका ठोक्यात होत नाही. ड्रॉ, मग ट्रिम, मग फ्लँज, मग रीस्ट्राइक, प्रत्येकाला वेगळी डाय, म्हणजे साचा. डाय आली की ट्रायल. पत्रा दाबून सोडला की थोडा परत फिरतो, त्याला आम्ही स्प्रिंगबॅक म्हणतो, तो काढता काढता महिने जातात. असे शेकडो पॅनेल एका गाडीत. या सगळ्याचा खर्च लाखो गाड्यांवर पसरला तरच गाडीमागे थोडा येतो. हजारभर गाड्या करायच्या असतील तर पत्र्याच्या डाय करणं म्हणजे सरळ दिवाळखोरी.

म्हणून जगभर थोड्या गाड्या करणारे पत्र्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. लोटस एलिजने १९९६ मध्ये अॅल्युमिनियमचे तुकडे चिकटवून चॅसी केली. अल्फा रोमिओ ४सी कार्बन फायबरच्या टबवर होती. सँडविच रचना हा त्याच प्रश्नाला दिलेला आणखी एक जबाब. दोन पातळ थर आणि मध्ये हलका गाभा. पुठ्ठ्याच्या खोक्यात जसा दोन सपाट कागदांमध्ये नागमोडी कागद असतो आणि तेवढ्यावर तो वजन पेलतो, तसंच. थर एकमेकांपासून जितके लांब, तितका ताठपणा झपाट्याने वाढतो, वजन मात्र जवळजवळ तेवढंच राहतं. शिवाय बरेच छोटे भाग मिळून एक मोठा भाग करता येतो, म्हणजे जोड कमी आणि वेल्डिंगसाठी भाग धरून ठेवणाऱ्या जिग कमी.

धागाकर्त्याचं म्हणणं बरोबर आहे. माझ्यासारख्याला त्या गाडीचा बाह्य आकार नाही, आतला सांगाडा उघडून बघायचा होता.

ताळेबंद

दोघांबद्दल आदर आहे, पण दुसरी बाजू मांडतो. ज्या पत्रकार परिषदेत टॅमो जाहीर झालं, त्याच वेळी कंपनीने प्रवासी गाड्यांचे सहा प्लॅटफॉर्म (गाड्यांचे मूळ सांगाडे) कमी करून दोनवर आणण्याचंही सांगितलं होतं. हे नीट लक्षात घ्या. एका हाताने प्लॅटफॉर्म कमी करायचे आणि दुसऱ्या हाताने एक नवाच, कुठल्याही नेहमीच्या गाडीशी न जुळणारा प्लॅटफॉर्म उभा करायचा. पैसा मुबलक असता तर दोन्ही चाललं असतं. पण तेव्हा भारतातला प्रवासी गाड्यांचा धंदा तोट्यात होता आणि बाजारातला वाटा घसरलेला. ऑक्टोबर २०१६ मध्ये टाटा सन्समध्ये सायरस मिस्त्रींना अध्यक्षपदावरून हटवलं, ती उलथापालथ सगळ्यांना माहीत आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत चंद्रशेखरन अध्यक्ष झाले. अशा वेळी कोणताही अर्थविभाग आधी काय कापेल? जे विकल्याने कारखाना चालत नाही ते.

आणि निकाल बघा. सप्टेंबर २०१७ मध्ये नेक्सॉन आली. २०१९ च्या सुरुवातीला ओमेगा प्लॅटफॉर्मवर हॅरियर, २०२० च्या जानेवारीत अल्फा प्लॅटफॉर्मवर अल्ट्रोझ, पुढे पंच. अल्ट्रोझच्याच महिन्यात नेक्सॉन ईव्हीही. कंपनी आज जिथे आहे ती या गाड्यांमुळे. रेसमोवर खर्च केलेला अभियंत्यांचा प्रत्येक तास यातल्या कुठल्या तरी गाडीतून काढून घ्यावा लागला असता.

गिअरशिफ्ट

@ताळेबंद, निर्णय त्या क्षणी चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण दोन गोष्टी. एक, टॅमोची रचनाच अशी मांडली होती की तिने मुख्य धंद्यातली माणसं आणि पैसा कमीत कमी वापरावा. ते जमलं असतं की नाही हे कळायला पहिली गाडी तरी बाहेर पडायला हवी होती. दोन, इंजिन नवं नव्हतं, नेक्सॉनच्याच कुळातलं होतं. म्हणजे सगळंच वेगळं करायचं होतं असंही नाही.

टर्बोलॅग

इंजिनावर कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो, कारण मला तिथेच खरी कसोटी दिसते.

नेक्सॉनचं १.२ टर्बो ११० पीएस देत होतं आणि १७० न्यूटन मीटर. रेसमोचं १९०, २१०. टॉर्क फक्त ४० ने वाढला, ताकद ८० ने. हे कसं? कमाल ताकद ६५०० आरपीएमला सांगितली होती. हिशोब केला तर ६५०० ला १९० पीएस म्हणजे साधारण २०५ न्यूटन मीटर टॉर्क. आणि कमाल २१० सांगितला होता २५०० ला. म्हणजे २५०० पासून ६५०० पर्यंत टॉर्कची रेषा जवळजवळ सपाट!

एका छोट्या तीन सिलेंडर इंजिनाकडून ही फार मोठी मागणी आहे. वरच्या आरपीएमला हवा पुरवायची तर टर्बो मोठा लागतो, आणि मोठा टर्बो २५०० ला जागा होत नाही. लिटरमागे १५८ पीएस म्हणजे पिस्टन, कूलिंग, इंटरकूलर सगळं नव्याने. त्यात इंजिन मागे, म्हणजे समोरचा वारा रेडिएटरवर थेट येत नाही. बाजूच्या डक्टमधून किंवा लांब नळ्यांतून तो आणावा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात नागपूरच्या सिग्नलला उभ्या असलेल्या मिड-इंजिन गाडीत इंजिन बे किती तापेल याचा विचार करा. शोमधल्या गाडीपासून विक्रीच्या गाडीपर्यंतचं अंतर बहुतेक वेळा असल्या गोष्टींत असतं, पेंट आणि दारांत नाही.

एएमटीबद्दलही शंका आहे. एका क्लचचा एएमटी गिअर बदलताना क्षणभर ताकद तोडतो. सहा सेकंदांच्या आत शंभर गाठायचं तर तो क्षण परवडत नाही. त्यावरूनच माझा अंदाज, गाडी खूपच हलकी असणार. तुलनेला, १९२ पीएसची पोलो जीटीआय सुमारे सव्वा टनाची होती आणि तिला ७.२ सेकंद लागायचे.

अथर्व_मेक

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आमची फॉर्म्युला स्टुडंटची (विद्यार्थ्यांनी स्वतः रेसिंग गाडी बनवायच्या स्पर्धेची) टीम आहे. एक प्रश्न विचारू का? मिड-इंजिनचा हट्ट कशासाठी? पुढे इंजिन, पुढची चाकं, असं केलं असतं तर नेक्सॉनचंच सगळं सामान वापरता आलं असतं ना?

टर्बोलॅग

@अथर्व, विचार बिनधास्त. गाडी वळते तेव्हा ती स्वतःभोवती फिरत असते. जड वस्तू मध्याजवळ असेल तर फिरायला आणि फिरणं थांबवायला कमी जोर लागतो, म्हणून वळण घेताना गाडी हाताला चटकन उत्तर देते. शिवाय वेग घेताना वजन मागे सरकतं, तेव्हा मागची चाकं ताकद रस्त्यावर चांगली उतरवतात.

आणि सामानाचं म्हणशील तर गंमत अशी आहे की मिड-इंजिन करायचा स्वस्त मार्ग नेमका तोच आहे. पुढची चाकं चालवणाऱ्या गाडीचं आडवं इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र उचलायचं आणि जसंच्या तसं मागे ठेवायचं. फियाट एक्स१/९ आणि पहिली टोयोटा एमआर२ याच कल्पनेवर उभ्या होत्या. तुमच्या फॉर्म्युला स्टुडंटच्या गाडीत इंजिन मागेच असेल, कारण तिथेही हाच विचार.

अथर्व_मेक

हो, मागेच आहे. आता कळलं. धन्यवाद सर.

मोनिका_कोव्हेंट्री

मी कोव्हेंट्रीत राहते. टाटा मोटर्सचं युरोपियन टेक्निकल सेंटर तेव्हा इथेच, वॉरिक विद्यापीठाच्या आवारात होतं, त्यामुळे या गाडीबद्दल इथल्या मराठी मंडळींत बरंच बोललं जायचं. पण मला वेगळीच गाडी आठवते, कारण तीही टाटांच्याच मालकीच्या घरात अडकली: जॅग्वार सी-एक्स७५.

२०१० मध्ये पॅरिसला दाखवली, जॅग्वारच्या पंचाहत्तरीनिमित्त. इयन कॅलम यांची रचना. संकल्पनेत चार चाकांना चार विजेच्या मोटर, प्रत्येकी १९५ अश्वशक्तीच्या, आणि बॅटरी चार्ज करायला मागे दोन छोट्या गॅस टर्बाइन. विमानाच्या इंजिनाचा अगदी लहान भाऊ म्हणा. टर्बाइन उत्पादनात जमणार नाहीत हे ठरल्यावर त्यांनी विल्यम्स फॉर्म्युला वन संघाबरोबर दुसरं यंत्र बनवलं. १.६ लिटर, चार सिलेंडर, टर्बो आणि सुपरचार्जर दोन्ही लावलेलं, १०,००० आरपीएमपर्यंत जाणारं, एकटंच ५०० अश्वशक्तीच्या आसपास, वर विजेच्या मोटर. मे २०११ मध्ये जाहीर केलं की २५० गाड्या करू. डिसेंबर २०१२ मध्ये, जागतिक मंदीचं कारण देऊन, प्रकल्प बंद. पण तोवर चालणारी प्रोटोटाइप तयार झालेली होती आणि त्यांनी चाचणीत ताशी २०० मैलांच्या पुढे वेग गाठला होता.

हे सांगण्याचं कारण: तिथे गाडी रद्द झाली तरी बांधून झाली होती. इंजिन फिरलं, बॅटरी तापली, काय तुटतं ते कळलं. २०१५ च्या 'स्पेक्टर' चित्रपटात खलनायकाची गाडी म्हणून ती रोमच्या रस्त्यांवर धावली (त्या गाड्यांत आत मात्र व्ही८ होतं). रेसमोच्या बाबतीत ते शिकण्याचं चक्र किती पूर्ण झालं असेल? माझा खरा प्रश्न हा आहे.

साचेकार

@मोनिका, अगदी मनातलं बोललात. शोमध्ये दाखवायचं मॉडेल आणि चाचणीला चालणारी प्रोटोटाइप यात जमीन-अस्मानाचा फरक. प्रोटोटाइपचे पन्नास तुकडे झाले तरी चालतील, प्रत्येक तुकडा काहीतरी सांगून जातो.

ताळेबंद

सी-एक्स७५ ची किंमत सात ते नऊ लाख पौंड ठरत होती. तिथे गिऱ्हाईक श्रीमंत, संख्या लहान, फायदा शक्य. रेसमोचा अंदाज माध्यमांत २५ लाखांच्या आसपास होता. आपल्याकडचा तेव्हाचा अनुभव बघा. पोलो जीटीआय २०१६ च्या शेवटी २६ लाखांच्या जवळपास आणली, फक्त ९९ गाड्या, आणि तरी पुढच्या वर्षी किंमत वीस लाखांपर्यंत खाली आणावी लागली. तीही जर्मन नावाची, चार माणसं बसवणारी गाडी.

हिंजवडी_ते_महाबळेश्वर

@ताळेबंद, एकच उदाहरण नको. ऑक्टाव्हिया आरएस २४५ भारतात २०२० मध्ये आली, फक्त २०० गाड्या, किंमत ३६ लाखांच्या घरात, सगळ्या विकल्या गेल्या. गाडी वेगवान हवी, पण रोज वापरायला जमली पाहिजे. चार दारं, डिकी, बायको-मुलं. दोन आसनी गाडी घेणारा वेगळा माणूस असतो आणि तो आपल्याकडे कमी आहे, हे मात्र खरं.

करसल्ला

एक गोष्ट कोणीच बोललं नाही. रेसमोची लांबी ३८३५ मिमी आणि इंजिन १२०० सीसीच्या आत. हे आकडे वाचून काही आठवतं का?

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी २८ टक्के अधिक १ टक्का सेस (उपकर) या गटात होती. मोठ्या गाड्यांवर सेससह कर तेव्हा ४३ टक्के होता आणि सप्टेंबरपासून ४५ ते ५० टक्के झाला. म्हणजे ही मिड-इंजिन स्पोर्ट्स कार कराच्या दृष्टीने टियागोच्या रांगेत बसत होती. किमतीत एवढा फरक दुसऱ्या कुठल्याही मार्गाने पाडता आला नसता.

गिअरशिफ्ट

@करसल्ला, हे मी मूळ लेखातच लिहायला हवं इतकं महत्त्वाचं आहे.

यावरून मला जपानची होंडा एस६६० आठवते. तिथे 'केई' गटाच्या गाड्यांना कर आणि पार्किंगच्या सवलती आहेत, अट अशी की इंजिन ६६० सीसीच्या आत आणि लांबी ३.४ मीटरच्या आत. त्या चौकटीत होंडाने २०१५ मध्ये एक खरीखुरी मिड-इंजिन, दोन आसनी, उघड्या छताची स्पोर्ट्स कार केली. तीन सिलेंडर, टर्बो, केवळ ६४ पीएस. आणि ती २०२२ पर्यंत विकली. करासाठी घातलेल्या मर्यादेतून आपल्याकडे डिकी कापलेल्या सेडान आल्या, तिकडे त्यातूनच स्पोर्ट्स कार निघाली. रेसमो ही आपल्या चार मीटरच्या नियमातून निघालेली पहिली स्पोर्ट्स कार ठरली असती.

अलिबाग_रोड

छोट्या गाड्या छोट्या संख्येने इथे झालेल्याच नाहीत असं समजू नका. अलिबागच्या चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीवर रोडस्टर (उघड्या छताची दोन आसनी गाडी) केली, १.८ लिटर इसुझू इंजिनाची. मुंबईच्या डीसी डिझाइनची अवंती २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये आली, मागे दोन लिटरचं टर्बो इंजिन, आणि ती रस्त्यावरही उतरली. दोन्हींत इंजिन दुसऱ्याचं होतं. रेसमोत इंजिन, गिअरबॉक्स, सांगाडा, चाचणी हे सगळं एका मोठ्या कंपनीच्या छताखाली होणार होतं. पिंपरीतलं त्यांचं संशोधन केंद्र १९६६ पासूनचं. हा फरक मोठा आहे.

आणि जुन्या लोकांना आठवत असेल, २००० साली याच जिनिव्हात टाटांनी आरिया नावाची रोडस्टर दाखवली होती, पुढच्या वर्षी तिची कूपे, म्हणजे बंद छताची आवृत्ती. तीही आली नाही. २०१० मध्ये ते नाव एका सात आसनी गाडीला लागलं.

हिंजवडी_ते_महाबळेश्वर

आरियाची ही माहिती नवीन आहे माझ्यासाठी.

मोनिका_कोव्हेंट्री

धागा सुरक्षेच्या नियमांशिवाय अपुरा वाटतो. ऑक्टोबर २०१७ पासून भारतात नव्या मॉडेलला पुढच्या आणि बाजूच्या धडकेच्या चाचण्या बंधनकारक झाल्या, एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस६ नियम. कमी संख्येच्या गाडीला मोठ्या गाडीएवढ्याच चाचण्या द्याव्या लागतात आणि त्यात प्रत्येक वेळी एक गाडी मोडते. इंग्लंडमध्ये लहान उत्पादकांसाठी वेगळी, सोपी मान्यता प्रक्रिया आहे, वर्षाला ठरावीक संख्येपर्यंत. मॉर्गन, केटरहॅमसारखे लहान कारखाने अशा वातावरणात टिकले. धडकेतल्या माणसाचा जीव दोन्हीकडे सारखाच मोलाचा आहे, त्यामुळे नियम सैल करा असं मी म्हणणार नाही. पण संख्येनुसार कागदपत्रं आणि चाचण्यांचा क्रम वेगळा असू शकतो.

साचेकार

मोनिकांच्या मुद्द्याला जोडून. सँडविच रचनेत धडकेचं गणित पत्र्यापेक्षा वेगळं असतं. पत्रा घडी घालत चुरगळतो आणि ऊर्जा खातो. ते कसं होईल हे आपल्याला वर्षानुवर्षांच्या अनुभवाने सांगता येतं. थरांच्या रचनेत वरचा थर गाभ्यापासून सुटू शकतो, गाभा पिचू शकतो. दुरुस्तीही वेगळी. टोल नाक्यावर कोणी मागून ठोकलं तर गल्लीतला डेंटर हातोडी घेऊन बसू शकत नाही, पूर्ण भागच बदलावा लागतो. गाडी थोड्या संख्येत विकली गेली असती तर हे सगळं कमी धोक्यात शिकता आलं असतं. पुढे बॅटरीच्या गाड्यांचे तळ, बसची शरीरं, रुग्णवाहिका, यांतही ते ज्ञान लागलं असतं.

अथर्व_मेक

साचेकार काका, आमच्या गाडीत पुढचा इम्पॅक्ट अॅटेन्युएटर (धडकेचा जोर शोषणारा भाग) आम्ही हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या, गाभ्याचा करायचा विचार करतोय, आणि पायांच्या समोरचा भाग सँडविच पॅनेलचा. थर सुटण्याची तपासणी कशी करायची? कॉलेजात अल्ट्रासाऊंडची सोय नाही.

साचेकार

@अथर्व, सगळ्यात साधी पद्धत नाण्याने ठोकून ऐकायची. विमानाच्या देखभालीतही ती अजून वापरतात. चांगल्या ठिकाणी आवाज टणक येतो, सुटलेल्या ठिकाणी बसका. पॅनेलवर पेन्सिलने चौकटी आखा, प्रत्येक चौकटीत सारख्या जोराने ठोका, शंका आली तिथे खूण करा. मुख्य पॅनेल करायच्या आधी त्याच साहित्याचे, त्याच चिकटीचे छोटे नमुने करा आणि मुद्दाम तोडून बघा: आधी तीन बिंदूंवर वाकवून, मग कडेने दाबून. चिकट लावण्याआधी पृष्ठभाग घासून सॉल्व्हंटने पुसला की नाही, याचा फरक तुम्हाला त्या नमुन्यांतच दिसेल. आणि गाभ्याच्या कडा उघड्या ठेवू नका, पावसाळ्यात ओल आत गेली की सगळं काम वाया. फोटो टाक, बघून सांगतो.